वास येतो का रे?



आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक ८.

पंधरावा अध्याय आपल्यापैकी अनेकांना लहानपणापासून पाठ आहे. एकूण वीसच श्लोक, आणि जेवणाआधी म्हणायची कितीतरी घरांत पद्धत. आमच्याकडेही होती. त्यामुळे होतं काय, की आठव्या श्लोकापर्यंत पोचेस्तोवर लक्ष पानातल्या वरणभाताकडे गेलेलं असतं आणि हा श्लोक तोंडातून नुसताच निघून जातो. माझ्या तोंडून तो वीसेक वर्षं असाच निघून गेला. तो पहिल्यांदा अडला त्या दिवसाची गोष्ट आज सांगायची आहे. सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगतो.

आधी अर्थ बघू. जीव एक शरीर सोडतो आणि दुसरं धारण करतो, तेव्हा मन आणि पाच ज्ञानेंद्रियं सोबत घेऊन जातो. कसा? वारा जसा वासाच्या ठिकाणाहून, म्हणजे फुलाबिलातून, वास उचलून नेतो तसा. श्लोकात "ईश्वर" असा शब्द आलाय, पण शंकराचार्य तो इथे जीवासाठी घेतात. देह, इंद्रियं या सगळ्या पसाऱ्याचा मालक, या अर्थाने.

उपमा नीट बघा. वारा फूल नेत नाही. पाकळी नेत नाही, देठ नेत नाही. फूल आहे तिथेच राहतं आणि सुकतं. वाऱ्यासोबत जातो तो फक्त वास, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर आपण फोन बदलतो तेव्हा जुना हँडसेट देऊन टाकतो, पण डेटा नव्या फोनवर येतो. चांगले फोटो येतात, आणि पुसायचे राहून गेलेले भलतेसलते स्क्रीनशॉटसुद्धा येतात. वारा निवड करत नाही. बागेवरून आला तर मोगऱ्याचा वास आणतो, उकिरड्यावरून आला तर उकिरड्याचा.

आता हा "वास" शब्द. दिवसातून आपण तो किती वेळा वापरतो! फोडणीचा खमंग वास, उतू जाऊन करपलेल्या दुधाचा वास, पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास, पहिल्या पावसातला मातीचा वास. लपवलेली गोष्ट कोणाला कळली की "त्याला वास लागला". कोणी शोधत शोधत येऊन टपकलं की "वास काढत आला". आणि एक गंमत पाहा. नुसतं "वास येतोय" म्हटलं तर तो चांगला असूच शकत नाही! "दुधाला वास येतोय", "मोज्यांना वास येतोय". चांगला असेल तर वेगळं सांगावं लागतं, "काय मस्त वास येतोय". असंच संस्कृत "घ्राण" या शब्दाचं झालं. घ्राण म्हणजे नाक, किंवा वास घेण्याची क्रिया. त्याचाच मराठीत झिजून झाला "घाण". म्हणजे आपण नाकाच्या नावाचंच घाणीचं नाव करून टाकलं. आपलं नाक दिवसभर काय शोधत असतं ते यातून कळतं.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. आपण दोन तऱ्हेने बोलतो. "मी वास घेतो" आणि "मला वास येतो". घेतो तेव्हा कर्ता मी असतो. येतो तेव्हा तो माझ्यावर येऊन पडतो, माझ्या इच्छेचा काही संबंध नसतो. डोळे मिटता येतात, पण नाक फार वेळ मिटता येत नाही, कारण श्वास घ्यावा लागतो. म्हणजे वास येणं आपल्या हातात नाही. आल्यावर काय करायचं, तेवढं आपल्या हातात.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. "वास" म्हणजे राहणंसुद्धा. निवास, वनवास, सहवास. वासुदेव म्हणजे जो सगळ्यांत राहतो आणि ज्याच्यात सगळे राहतात तो. उपवास म्हणजे "उप", जवळ, जाऊन राहणं. साबुदाण्याच्या खिचडीशी त्याचा मुळात संबंध नाही! याशिवाय संस्कृतात "वासस्" म्हणजे वस्त्र. राहणं, पांघरणं आणि दरवळणं, व्याकरणाच्या दृष्टीने हे तीन वेगळे धातू आहेत, एकाच मुळाचे नाहीत. पण मराठी कानाला ते शेजारी शेजारी ऐकू येतात, आणि अनुभवातही ते शेजारीच असतात. ज्याच्याजवळ राहावं त्याचा वास लागतो. आणि तो लागतो आधी कपड्यांना.

आता गोष्ट.

काही वर्षांपूर्वी आजीला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. गावी एकटी राहणं शक्यच नव्हतं, म्हणून तिला पुण्याला आमच्याकडे आणलं. दोन बेडरूमचा फ्लॅट. ज्या खोलीत मी घरून काम करायचो, ती खोली तिला दिली आणि माझं टेबल हॉलमध्ये आलं. आजी पक्की वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही, हरिपाठ तोंडपाठ. माझ्या लहानपणी ती वारीहून आली की तिच्या पिशवीला बुक्क्याचा वास यायचा. आम्ही नातवंडं ती पिशवी नाकाला लावून बसायचो.

आता त्या खोलीला दुसराच वास यायला लागला. ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय त्यांना सांगायला नको. लघवी, मलम, फिनेल, दमट गादी. बायको आणि आई आळीपाळीने सगळं करत होत्या. सकाळी दोन तास एक मावशी यायच्या, आजीला पुसून काढायला, कपडे बदलायला. माझा वाटा? औषधं मागवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, बिलं भरणं. आणि हो, उदबत्ती लावणं.

सकाळी देवपूजेची एक उदबत्ती व्हायची. मग मी आजीच्या खोलीत विठोबाच्या तसबिरीपुढे आणखी एक लावायला लागलो. मग दुपारी एक. संध्याकाळी एक. बायको म्हणाली, "भारी भक्ती वाढलीये." मी हसलो. कॉल सुरू झाला की खोलीचं दारही लावून घ्यायचो. कारण द्यायचो आवाजाचं. आजीचा आवाज तो केवढा असणार? आणि व्हिडिओ कॉलवर वास पलीकडे जात नाही हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

एकदा दुपारी उदबत्ती लावायला आत गेलो. वाटलं, आजी झोपली आहे. काडी ओढली तेवढ्यात ती म्हणाली, "वास येतो का रे?"

झटक्यानंतर तिचं बोलणं जरा अडखळत असे, पण हे तीन-चार शब्द अगदी स्वच्छ होते.

मला प्रश्न कळला होता. पण मी तो कळला नाही असं केलं. म्हणालो, "येतोय ना! चंदनाची आहे."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. चंदनाचीच असेल." आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

एवढंच झालं. त्या रात्री जेवणाआधी सवयीने पंधरावा अध्याय म्हणायला लागलो आणि आठव्या श्लोकापाशी अडलो. वारा वास घेऊन जातो. मी आज इथून काय घेऊन जाणार? देवापुढे लावलेली उदबत्ती मी देवासाठी लावलेली नव्हती. आजीसाठीही नव्हती. माझ्या नाकासाठी होती, आणि तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. खोलीत शिरल्या शिरल्या म्हणाल्या, "दादा, एक सांगू का? उदबत्तीनं वास जात नाही. त्याच्यात अजून एक वास मिसळतो. खिडकी उघडा, वारा खेळू दे." मी म्हटलं, आजीला गार लागेल. त्या म्हणाल्या, "पांघरूण आहे की. आणि ओली चादर तशीच राहिली तर वास येणारच. तो वास आजींचा नाही दादा, चादरीचा आहे."

मावशींनी गीता वाचली आहे की नाही मला माहीत नाही. पण हे वाक्य मला नंतर जवळजवळ तसंच्या तसं शांकरभाष्यात भेटलं.

सातव्या अध्यायाच्या नवव्या श्लोकात भगवंत म्हणतात की पृथ्वीतला पुण्य गंध मी आहे. न्यायशास्त्रात गंध हा पृथ्वीचा खास गुण मानला आहे. पाण्याला रस, अग्नीला रूप, तसा पृथ्वीला गंध. मग प्रश्न पडतो, की पृथ्वीवर दुर्गंधही आहेच ना? तो कोणाचा? शंकराचार्य त्याचं उत्तर देतात. त्यांच्या म्हणण्याचा भाव असा की गंध मुळात पवित्रच आहे. त्यात जो अपवित्रपणा येतो तो संसारी जीवांच्या अविद्येमुळे, अधर्मामुळे आणि भूतांच्या विशिष्ट मिसळणीमुळे येतो. म्हणजे मुळात नाही, संसर्गाने आहे. वास आजींचा नाही, चादरीचा.

इथे एक सावधगिरी. याचा अर्थ "सगळं ब्रह्म आहे, मग चादर कशाला बदला" असा काढायचा नाही! उलट आहे. वास जर माणसाचा असता तर काहीच करता आलं नसतं. तो चादरीचा आहे म्हणून चादर बदलता येते. गाडगे महाराज दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. आधी खराटा, मग कीर्तन. आधी कीर्तन करून घाणीवर पांघरूण घालायचं, ही माझी उदबत्तीवाली पद्धत त्यांची नव्हती.

मी खिडकी उघडली. मावशींकडून शिकून घेतलं, कूस कशी वळवायची, चादर माणसाखालून कशी काढायची, खालचं रबर पुसून उन्हात कसं टाकायचं. आणि आठवड्याभराने टेबल परत त्या खोलीत नेलं.

मग एक साधी गोष्ट घडली. पहिले काही दिवस आत गेलं की वास जाणवायचा, मग पाच-दहा मिनिटांनी जाणवेनासा व्हायचा. यात चमत्कार काही नाही. नाकाचं कामच असं आहे. एकच वास सतत येत राहिला की त्याची जाणीव कमी होत जाते. परक्या घरात शिरताना त्या घराचा वास कळतो, स्वतःच्या घराचा कळत नाही, तो याचमुळे. पण मला त्यात काहीतरी सापडलं. वास दारात उभ्या असलेल्याला येतो. आत बसलेल्याला येत नाही. मी इतके दिवस दारात उभा होतो. रोज दोन मिनिटांसाठी आत जायचो आणि प्रत्येक वेळी तोच वास नव्याने घेऊन बाहेर पडायचो.

सहवासाचा अर्थ मला तिथे कळला. जवळ राहणं हाच उपाय होता.

पण मंडळी, नाकाच्या याच सवयीची दुसरी बाजूही आहे, आणि ती जास्त धोक्याची आहे. जो वास सतत आपल्याच जवळ आहे तो आपल्याला कळत नाही. म्हणजे माझा वास मला येत नाही.

सोळाव्या अध्यायाच्या चौथ्या श्लोकात आसुरी संपत्तीची यादी आहे. दंभ, दर्प, अभिमान, क्रोध वगैरे. तिथे दर्प म्हणजे घमेंड. आता मराठीत दर्प कशाला म्हणतात? नाकात शिरणाऱ्या उग्र वासाला! मराठीने हे काय सुंदर केलंय. घमेंड आणि डोकं उठवणारा वास, दोन्हीला एकच शब्द. दोन्ही ज्याचे असतात त्याला कळत नाहीत, शेजारच्यांना कळतात. आजीशी मी बोलायचो ते कसं बोलायचो, हे मला बायकोने सांगितलं. म्हणाली, "तुझ्या आवाजाला तिकीट क्लोज करायचा वास येतो. औषध घेतलं? हो. जेवलीस? हो. झालं, पुढचं काम." मला राग आला. मग दोन दिवस कान देऊन स्वतःचं बोलणं ऐकलं. ती बरोबर होती.

शास्त्रात "वासना" शब्द येतो तो हाच. मराठीत वासना म्हटलं की लगेच एकच अर्थ डोक्यात येतो, पण योगसूत्रांत आणि वेदान्तात तिचा अर्थ बराच मोठा आहे. केलेल्या, भोगलेल्या गोष्टी निघून जातात आणि मागे जो ठसा उरतो, ती वासना. वेदान्तात यासाठी लसणाच्या भांड्याचा दाखला देतात. लसूण काढून टाकला तरी भांड्याला वास राहतो. आपल्याकडची हिंगाची डबी घ्या. हिंग संपून महिना झाला तरी झाकण उघडलं की कळतं इथे कोण राहून गेलं. दोन्ही अर्थांनी "वास" करून गेलं! श्लोकातला वारा पुढच्या जन्मात घेऊन जातो ती ही डबी. पुढचा जन्म राहू द्या, ऑफिसमधून घरी येताना आपण काय घेऊन येतो तेवढं जरी बघितलं तरी आजच्या दिवसाचा अभ्यास होतो.

मग ही डबी स्वच्छ कशी करायची? नुसती घासून वास जात नाही हे आपल्याला माहीत आहे. त्यात दुसरं काहीतरी सुगंधी भरून ठेवावं लागतं, बरेच दिवस. भागवताच्या तिसऱ्या स्कंधातली पंधराव्या अध्यायातली कथा याच मुद्द्याची आहे. सनकादिक चौघे मुनी वैकुंठाला जातात. जय-विजय त्यांना दारात अडवतात. मुनी रागावतात, शाप देतात. ब्रह्मज्ञानी खरे, पण दारात अडवलं की राग आला! एवढ्यात भगवंत स्वतः चालत तिथे येतात. मुनी नमस्कार करतात, आणि भगवंतांच्या चरणांवरच्या तुळशीचा सुगंध घेऊन आलेला वारा त्यांच्या नाकात शिरतो. निर्गुणात बुडालेले ते मुनी, पण त्या वासाने त्यांचं मन हललं, अंगावर रोमांच आले. उपदेश नव्हे, वाद नव्हे. एक वास आणि एक झुळूक.

इथेही वाराच आहे बघा. गीतेत वारा वासना वाहून नेतो, वैकुंठात वारा तुळस आणतो, आणि आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून आलेला वारा खोली मोकळी करतो. वारा तोच. कुठून वाहतोय तेवढं महत्त्वाचं.

नवव्या स्कंधात अंबरीष राजाची भक्ती सांगताना भागवतकारांनी एकेका इंद्रियाचं काम सांगितलंय. मन कुठे, वाणी कुठे, हात कुठे. त्यात नाकाला काम दिलंय ते भगवंताच्या चरणी वाहिलेल्या तुळशीचा वास घेण्याचं. हे वाचल्यावर मी बाल्कनीतल्या तुळशीची पानं-मंजिरी पूजेत वाहायला लागलो, आणि पूजा झाली की त्यातलं एक पान आणून आजीच्या नाकाशी धरायला लागलो. तिला नीट दिसत नव्हतं, ऐकायला कमी येत होतं, हरिपाठ म्हणताना शब्द तुटायचे. पण नाक शाबूत होतं. पान जवळ नेलं की ती डोळे मिटून मोठा श्वास घ्यायची. आधी वाहायचं आणि मग वास घ्यायचा, हे तिनेच लहानपणी शिकवलेलं. परडीतली फुलं नाकाला लावली की ओरडायची, "देवाची आहेत ती! आधी त्याला, मग तुला." तेव्हा तो सोवळ्याओवळ्याचा नियम वाटायचा. आता वाटतं, ती मला "घेतो" आणि "येतो" मधला फरक शिकवत होती. आधी माझ्या नाकाला काय हवं ते बाजूला ठेव. मग प्रसाद म्हणून जो येईल तो घे.

मागच्या वर्षी मार्गशीर्षात आजी गेली. झोपेतच गेली.

दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक सगळ्यांना माहीत आहे. माणूस जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो तसा देही जुनी शरीरं टाकून नवी घेतो. तिथे वस्त्रांसाठी शब्द आहे तो वासस् याच शब्दाचं रूप. दुसऱ्या अध्यायात सांगितलं काय टाकून जायचं आणि पंधराव्यात सांगितलं काय घेऊन जायचं. हे दोन श्लोक एकत्र वाचा, आज शक्य झालं तर.

तिच्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी आईने ठेवून दिली होती. तेरावा झाल्यावर मी ती माझ्याकडे घेतली. तिला अजून आजीचा वास होता. मलम, थोडी तुळस, आणि मला उगीच वाटायचं की कुठेतरी बुक्कासुद्धा. महिन्याभराने आईने ती सहज धुवून उन्हात टाकली. आता तिला साबणाचा वास येतो. मला आधी फार वाईट वाटलं. मग वाटलं, ते वस्त्र होतं, ते धुतलं जाणारच.

पण धुतलं न जाणारं एक माझ्याकडे राहिलंय. "चंदनाची आहे." टेबल परत नेलं, चादरी बदलल्या, तुळस दिली, सगळं केलं. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र मी तिला कधीच दिलं नाही. रोज वाटायचं, आज सांगू, आणि रोज वाटायचं, आता तो विषय कशाला. खरं उत्तर अवघड नव्हतं. "हो आजी, येतोय. थांब, चादर बदलतो." इतकं म्हटलं असतं तर ती भिंतीकडे वळली नसती असं मला वाटतं. हे मी सोबत घेऊन फिरतोय, वारा घेऊन फिरतो तसं. तुळशीचा वासही त्यातच आहे, आणि हाही आहे.

म्हणून आजचा अभ्यास तीन छोट्या गोष्टींचा.

एक. आज पूजा करताना किंवा नुसती उदबत्ती लावताना क्षणभर थांबा आणि विचारा, ही कोणासाठी? उत्तर "माझ्यासाठी" असं आलं तरी हरकत नाही. खरं आलं पाहिजे.

दोन. घरातल्या, ऑफिसमधल्या, जवळच्या एका माणसाला विचारा, "माझ्या बोलण्याला कसला वास येतो का?" जो खरं सांगेल अशालाच विचारा. आपलं नाक या कामाला उपयोगाचं नाही. आणि उत्तर ऐकल्यावर लगेच स्पष्टीकरण देऊ नका. मी दिलं होतं, काही उपयोग झाला नाही.

तीन. तुमच्या आयुष्यात एखादी खोली असेल जिच्या दारातूनच तुम्ही परत फिरता. ती खरीखुरी खोली असेल, नाहीतर एखादा न केलेला फोन असेल, आजारी काका असतील, नोकरी गेलेला मित्र असेल. आज तिथे आत जाऊन बसा. दोन मिनिटं नको, त्यात फक्त वास येतो. अर्धा तास बसा. खिडकी असेल तर उघडा. आणि समोरच्याने काही विचारलं, तर जे आहे ते सांगा.

उद्या श्लोक नववा. कान, डोळे, त्वचा, जीभ, नाक आणि मन यांचा आश्रय घेऊन जीव विषय कसे भोगतो ते त्यात आहे. तोवर आजचा श्लोक जेवणाआधी एकदा म्हणा. भात थोडा गार झाला तरी चालेल.

राम कृष्ण हरी.